परीक्षेत ‘कॉपी केस’ झाली तर: विद्यापीठाची चौकशी कशी चालते, आणि विद्यार्थ्याने काय करायचं?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीचे वालिद संध्याकाळी घरी आले. रिक्षा चालवतात. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं इंग्रजी पत्र. “सर, जरा देख लो, इसमें क्या लिखा है.” आम्ही वाचलं. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेत तिच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली होती, त्याबद्दलची कारणे दाखवा नोटीस होती ती. सुनावणीची तारीख त्यात दिलेली होती, आणि ती तारीख होऊन आठ दिवस झाले होते.

नोटीस आली तेव्हा घरात कुणाला नीट वाचता आली नाही आणि मुलीने शरमेपोटी दडवून ठेवली. सुनावणीला कुणी गेलं नाही. पुढे त्या सत्राची परीक्षा पूर्ण रद्द झाली. ती चिठ्ठी कॉपीसाठी होती की अभ्यासाचा विसरलेला कागद होता, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. मुलीचं म्हणणं कुणीच ऐकलं नाही हे मात्र खरं, कारण सांगायला ती गेलीच नाही.

तेव्हापासून हा विषय एकदा सविस्तर लिहायचा मनात होतं. आपल्या समाजात आता मुलं-मुली मोठ्या संख्येने कॉलेजात जातात. बऱ्याच घरांत ती पहिलीच पिढी. फॉर्म, फी, स्कॉलरशिप याची माहिती आपण एकमेकांना देतो, पण आरोप झाला तर काय, हे कुणी बोलत नाही. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख कॉपी पचवायची युक्ती सांगण्यासाठी नाही. कॉपी ही फसवणूकच आहे आणि तिची पहिली झळ रात्र-रात्र जागून अभ्यास करणाऱ्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला बसते. पण आरोप म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. त्या दोन्हींच्या मध्ये एक ठरलेली रीत आहे. ती माहीत असली पाहिजे.

नियम कुठले?

पनवेल, तळोजा, उरण भागातली बहुतेक पदवी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. आपल्याकडचं अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर टेक्निकल कॅम्पसही त्यातलंच. त्यामुळे इथल्या मुलांना तीन पातळ्यांवरचे नियम लागू होतात.

पहिला, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६. हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४८ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठात परीक्षा व मूल्यमापन मंडळ असतं. गैरप्रकारांच्या चौकशीसाठी हे मंडळ जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमतं. समिती अहवाल आणि शिफारस देते, कारवाई मंडळ करतं. लक्षात घ्या, या समितीच्या कक्षेत फक्त विद्यार्थी येत नाहीत. पेपर काढणारे, तपासणारे, परीक्षेशी संबंधित शिक्षक हेही येतात.

दुसरा, मुंबई विद्यापीठाचा अध्यादेश ५०५०. पर्यवेक्षकाने काय करायचं, नोटीस कशी द्यायची, कोणत्या प्रकाराला किती शिक्षा, हे सगळं यात आहे. मुलं ज्याला ‘अनफेअर मीन्स’ किंवा ‘कॉपी केस’ म्हणतात, ते प्रकरण या अध्यादेशाखाली चालतं.

तिसरा, विद्यापीठ, मंडळ व इतर परीक्षांमधल्या गैरप्रकारांना आळा घालणारा महाराष्ट्राचा १९८२ चा कायदा. हा फौजदारी आहे. पेपर फोडणं, दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणं अशा प्रकारांत मामला पोलिसांपर्यंत जाऊ शकतो.

परीक्षा कॉलेजने घेतलेली असेल तर चौकशी कॉलेजातच प्राचार्यांच्या अधिकाराखाली होते. विद्यापीठाची परीक्षा असेल तर प्रकरण कलिना इथल्या परीक्षा भवनात जातं. नवीन पनवेलच्या चांगू काना ठाकूर महाविद्यालयासारख्या स्वायत्त कॉलेजांमध्ये परीक्षा विभाग त्यांचा स्वतःचा असतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: ही परीक्षा कुणाची आहे, आणि निर्णय कोण देणार?

वर्गात पकडलं, त्या क्षणी

कनिष्ठ पर्यवेक्षकाला किंवा भरारी पथकाला संशय आला, तर चिठ्ठी, मोबाईल, जे काही सापडेल ते आणि तोपर्यंत लिहिलेली उत्तरपत्रिका ताब्यात घेतली जाते. विद्यार्थ्याला नवी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू दिला जातो. मुलं इथे मोठी चूक करतात. रडत बाहेर निघून जातात, पुढचे पेपरही देत नाहीत. तसं करू नका. चौकशीत निर्दोष ठरलात तर तेच पेपर कामाला येतील.

मग विद्यार्थ्याकडून लेखी जबाब घेतात. सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. घाबरलेलं मूल समोर येईल त्यावर सही करतं आणि नंतर घरी येऊन म्हणतं, मी काहीच केलं नव्हतं. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. इंग्रजी कळत नसेल तर तसं सांगा आणि आपलं म्हणणं मराठीत लिहा. चिठ्ठी आपली असेल तर आपली म्हणा. खोटं बोलून केस सुधारत नाही, बिघडते. नसेल तर ‘ही माझी नाही, बाकाखाली पडलेली होती’ असं साफ लिहा. वस्तू जवळ होती, पण तिच्यातून काही उतरवलेलं नाही, हे खरं असेल तर तेही लिहा. या एका वाक्याने शिक्षेत किती फरक पडतो ते पुढे सांगतो. जबाब द्यायला नकार दिला तरी प्रकरण थांबत नाही. नकार दिल्याची नोंद होते आणि कागद पुढे जातात.

घरी आल्यावर त्याच रात्री सगळा प्रसंग तारीख-वेळेसह एका वहीत लिहून ठेवा. बाक नंबर, आजूबाजूला कोण होतं, काय सापडलं, कुणी काय म्हटलं. सुनावणी काही महिन्यांनीही होऊ शकते, तोवर आठवण पुसट होते.

नोटीस आणि सुनावणी

चौकशी पूर्ण होईपर्यंत निकाल राखून ठेवला जातो. कारणे दाखवा नोटीस येते, तिच्यात आरोप आणि हजर राहण्याची तारीख असते. कॉलेजच्या रेकॉर्डवर जुना पत्ता असेल तर नोटीस भलत्याच घरी जाते. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांनी पत्ता बदलला की कॉलेजला लेखी कळवावं, आणि केस झाली असेल तर कॉलेजच्या ऑफिसात अधूनमधून चौकशी करावी.

नोटिशीला लेखी उत्तर द्या. सुनावणीला विद्यार्थ्याने स्वतः हजर राहून स्वतः बोलायचं असतं. ही वकील लावायची जागा नाही. आरोपासाठी जे कागद वापरले जाणार आहेत ते पाहण्याचा विद्यार्थ्याला हक्क आहे. चिठ्ठी दाखवा, उत्तरपत्रिका दाखवा, असं अदबीने सांगावं. चिठ्ठीतला मजकूर त्या पेपरचा आहे का, तो उत्तरपत्रिकेत उतरलाय का, अक्षर कुणाचं आहे, हे तिथेच तपासून मांडता येतं. विद्यार्थी आलाच नाही तर समिती त्याच्या गैरहजेरीत निर्णय घेऊ शकते. आमच्या त्या मुलीचं नेमकं तेच झालं.

पनवेलहून हार्बर लोकलने कुर्ला, तिथून कलिना, असा अर्ध्या दिवसाचा प्रवास आहे. अब्बूंचा एक दिवसाचा धंदा बुडेल, पण मुलीचं वर्ष वाचू शकतं. जोडीला कुणीतरी जावं आणि बाहेर बसून राहावं. एकट्या मुलाचा आवाज समितीसमोर फुटत नाही.

शिक्षा किती?

अध्यादेश ५०५० च्या परिशिष्टात प्रकारांप्रमाणे शिक्षा दिलेली आहे. मुख्य प्रकार असे:

– कॉपीचं साहित्य नुसतं जवळ सापडणं, हातावर किंवा कपड्यावर लिहिलेलं असणं: त्या परीक्षेतली पूर्ण कामगिरी रद्द.
– त्यातून प्रत्यक्ष उतरवलेलं असणं: परीक्षा रद्द, शिवाय पुढच्या एका परीक्षेला बंदी.
– एकमेकांचं बघून किंवा सामूहिक कॉपी: परीक्षा रद्द आणि पुढच्या दोन परीक्षांना बंदी.
– उत्तरपत्रिकेत नोटा ठेवणं, लाच देण्याचा प्रयत्न: परीक्षा रद्द आणि पुढच्या चार परीक्षांना बंदी.
– दुसऱ्याच्या जागी बसणं: परीक्षा रद्द आणि पुढच्या पाच परीक्षांना बंदी.

‘परीक्षा रद्द’ म्हणजे फक्त तो एक पेपर जातो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. त्या सत्राचे सगळे पेपर जातात. आणि पहिल्या दोन ओळींमधला फरक पाहा. जबाबात ‘हो, कॉपी केली’ एवढंच मोघम लिहिलं की पहिल्या ओळीतली केस दुसऱ्या ओळीत जाऊ शकते. आधी अशी कारवाई झालेली असेल तर शिक्षा आणखी वाढते.

आणखी एक बाब. उत्तरपत्रिकेत आपली ओळख उघड करणं हाही गैरप्रकारच आहे. नाव, मोबाईल नंबर, ‘सर पास करा’ अशी विनंती, काही लिहू नका. आपली मुलं सवयीने पानाच्या डोक्यावर ७८६ लिहितात, तेही टाळा. दुआ मनात करावी.

कोर्ट काय म्हणतं?

१९५४ साली उत्तर प्रदेशात इंटरमिजिएटच्या तीन विद्यार्थ्यांचा निकाल लागला, ते पास झाले. नंतर त्यांना एक शब्द न विचारता बोर्डाने निकाल रद्द केला आणि पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही बंदी घातली. १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की असा निर्णय देणारी समिती न्यायनिवाड्यासारखंच काम करते, म्हणून विद्यार्थ्याला म्हणणं मांडायची संधी दिलीच पाहिजे. सुनावणीच्या हक्काचा पाया या निकालात आहे.

पण दुसरी बाजूही ऐका. मार्च १९९० च्या दहावीच्या परीक्षेत मुंबई विभागात मॉडरेटरच्या गुणतक्त्यांमध्ये खाडाखोड करून गुण वाढवल्याचं उघड झालं. २८३ विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. गुण बदललेत हे दिसतंय, पण आमचा त्यात हात नाही, असं मुलांचं म्हणणं होतं. हायकोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. १९९१ मध्ये के. एस. गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टाने मात्र मंडळाचा निर्णय कायम ठेवला. अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, सगळी परिस्थिती पाहून काय जास्त संभवतं ते पाहिलं जातं, असं कोर्टाने म्हटलं. म्हणजे ‘मला कुणी बघितलं नाही’ हा बचाव पुरत नाही. शेजारच्या दोघांच्या पेपरात त्याच चुका त्याच शब्दांत असतील तर तोही पुरावा होतो. अर्थात नुसता संशय पुरावा होत नाही, हेही तितकंच खरं.

आणि १९७० च्या बिहारच्या खटल्यात असंही ठरलं, की अख्ख्या केंद्रावर सामूहिक कॉपी झाली आणि सगळ्या केंद्राची परीक्षा रद्द केली, तर प्रत्येक मुलाला वेगळी सुनावणी द्यावी लागत नाही. जिथे ‘इथे सगळं चालतं’ असं म्हणतात, अशा केंद्रावर प्रामाणिक मुलाचंही वर्ष जातं.

प्रोजेक्ट आणि प्रबंध

एम.ए., एम.एस्सी.चे लघुप्रबंध आणि पीएच.डी.चे प्रबंध यांना यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियम लागू आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नाव देऊन केलेली उद्धरणं आणि संदर्भसूची मोजणीत धरत नाहीत. सायबर कॅफेतून तयार प्रोजेक्ट विकत घेणाऱ्या मुलांनी आणि मोबाईलवरच्या एआयकडून अख्खं लिहून घेणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. कच्चा मसुदा, वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी जपून ठेवा. काम आपलं आहे हे दाखवायला त्याच उपयोगी पडतात.

निर्णय मान्य नसेल तर

निर्णयाची लेखी प्रत मागा. आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत माहिती अधिकारात मिळते, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. चौकशीत रीत पाळली गेली नाही अशी तक्रार असेल तर यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यानेही समाधान झालं नाही तर १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं. शेवटचा मार्ग हायकोर्टाचा. पण तिथे बहुधा एवढंच पाहिलं जातं, की नोटीस दिली का, ऐकून घेतलं का, नियम पाळले का. जो सुनावणीलाच गेला नाही, त्याला ‘माझं ऐकलं नाही’ असं म्हणणं जड जातं.

त्या मुलीने पुढच्या सत्रात परत परीक्षा दिली आणि पास झाली. मध्ये सहा महिने गेले, ठरलेली नोकरी गेली. वालिद अजून म्हणतात, “सर, उस दिन डाँटने की बजाय साथ चला जाता.” पालकांना आमचं एवढंच सांगणं आहे. मुलाने चूक केली असेल तर ओरडा, जरूर ओरडा. पण त्याआधी नोटीस वाचा, तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि त्या दिवशी त्याच्यासोबत जा.