देवीची लस आणि श्रद्धेची सूट
धार्मिक श्रद्धेपोटी लस नाकारणाऱ्याला कायद्याने सूट द्यावी का, हा प्रश्न जुना आहे. १८९८ साली ब्रिटनने देवीच्या लशीवर सदसद्विवेकबुद्धीने आक्षेप घेणाऱ्या पालकांना सक्तीतून सवलत दिली. त्याच सत्तेने भारतासाठी केलेल्या १८८० च्या कायद्यात मात्र सूट होती ती मुलाच्या प्रकृतीसाठी. पालकांच्या श्रद्धेसाठी नव्हे. शीतलेची पूजा करून टीका देण्याची जुनी पद्धतही या कायद्याने निषिद्ध ठरवली.

स्वातंत्र्यानंतरही पेच सुटला नाही. देवीनिर्मूलनाच्या अखेरच्या पर्वात, तेव्हाच्या बिहारमधील सिंहभूम भागात, लसीकरण पथक रात्री दार तोडून हो समाजाच्या एका पुढाऱ्याच्या घरात शिरले. रोग देणे ईश्वराच्या हाती, त्याच्या इच्छेला शरण जाणे हा आपला धर्म, असे मानून त्याने प्रतिकार केला. त्याला धरून लस टोचण्यात आली. मग त्याने वेलीवरची काकडी तोडून पथकाला दिली. आता ते पाहुणे होते. पथकातील डॉक्टर लॉरेन्स ब्रिलियंट यांनी हा प्रसंग नोंदवला आहे.

मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंधांना मुभा ठेवली. आधार श्रद्धेचा नव्हता, स्वतःच्या देहावरील अधिकाराचा होता.

नकाराची झळ शेजाऱ्यालाही पोहोचते, हे विज्ञान दाखवू शकते. दार तोडावे की नाही, हे आपल्यालाच ठरवावे लागते.