चरख्याचे पेटंट, सेवाग्रामचा कॅमेरा आणि ‘गिम्प’ : साधन कोणाच्या मालकीचे?

१/
२४ जुलै १९२९. अखिल भारतीय चरखा संघाने एक स्पर्धा जाहीर केली. उत्तम चरखा तयार करणाऱ्यास बक्षीस एक लाख रुपये. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. बक्षिसाचा आकडा आजही अनेकांना ठाऊक असतो. त्या जाहिरातीतील शेवटची अट मात्र सहसा कोणी सांगत नाही. हा धागा त्या अटीपासून सुरू होतो आणि लिनक्सवरील एका चित्रसंपादन प्रणालीपर्यंत येतो.

२/
अटी कडक होत्या. यंत्र हलके, सहज उचलून नेता येईल असे आणि झोपडीत हाताने वा पायाने चालवता येईल असे हवे. एखाद्या स्त्रीला त्यावर सलग आठ तास फार श्रम न होता काम करता आले पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या आत. नीट निगा राखल्यास ते किमान २० वर्षे चालावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा.

३/
आणि शेवटची अट : संशोधकाने आपल्या यंत्राचे पेटंट खुशाल घ्यावे, परंतु बक्षीस हवे असल्यास त्या पेटंटचे हक्क चरखा संघाच्या स्वाधीन करावेत. संशोधकाला मानही मिळेल, धनही मिळेल. मात्र यंत्रावरची मक्तेदारी मिळणार नाही. सूत कातणाऱ्या बाईला आपले साधन वापरण्यासाठी कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागू नये, हा त्या अटीचा परिणाम होता.

४/
ते बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. पण साधनाच्या मालकीचा प्रश्न तेथे संपला नाही. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत त्याचे काम सुरू झाले. चरख्याच्या सुधारणेत आयुष्य वेचलेल्या मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेस ‘मगनवाडी’ हे नाव मिळाले.

५/
संघाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. ते अर्थशास्त्राचे अभ्यासक आणि पेशाने हिशेबतपासनीस. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन अशा उद्योगांवर मगनवाडीत प्रयोग होत. खेड्यातल्या माणसाला विकत घेता येईल, उघडून पाहता येईल आणि बिघडल्यास गावातच दुरुस्त करता येईल, ते साधन चांगले, अशी ही दृष्टी होती. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

६/
याच वर्षांत मगनवाडीपासून काही मैलांवर, सेवाग्राम आश्रमात, मगनलालांचा पुतण्या वेगळेच साधन हाती घेत होता. कनु गांधी हे नारणदास गांधींचे चिरंजीव. आश्रमात ते पत्रव्यवहार आणि हिशेबाची कामे पाहत. त्यांना छायाचित्रे काढण्याची ओढ लागली. आश्रमाच्या तिजोरीत त्यासाठी पैसा नव्हता. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले आणि त्यांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली.

७/
गांधीजींनी परवानगी दिली, तीही तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. ‘असे बसा, इकडे पाहा’ असे सांगायचे नाही. आणि आश्रम या कामाचा खर्च करणार नाही. कनुंनी पुढची दहा वर्षे या चौकटीत काम केले. काही क्षणी तर त्यांना कॅमेरा खाली ठेवावा लागला. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या अखेरच्या घटका टिपण्यास गांधीजींनी त्यांना मनाई केली.

८/
या अटींचा छायाचित्रांवर थेट परिणाम झाला. मातीच्या भिंती, लहान खिडक्या, कुटीतला अंधुक उजेड आणि फ्लॅश नाही. त्यामुळे अनेक चित्रांत सावल्या गडद आहेत, कडा किंचित हललेल्या आहेत. पण त्यांतील माणसे कॅमेऱ्यासाठी बसलेली नाहीत. ही छायाचित्रे दीर्घकाळ फारशी प्रकाशात आली नव्हती. २०१५ मध्ये नजर फाउंडेशनने त्यांचे पुस्तक काढले आणि नव्या पिढीने ती पाहिली.

९/
फिल्मच्या काळातही छायाचित्राचे ‘संपादन’ होत असे. ते अंधाऱ्या खोलीत चाले. मोठ्या प्रतीवर प्रकाश पडत असताना एखादा भाग हाताने वा पुठ्ठ्याने झाकला, की तो उजळ येई. त्यास ‘डॉजिंग’ म्हणत. एखाद्या भागावर प्रकाश अधिक वेळ राहू दिला, की तो गडद होई, ते ‘बर्निंग’. आजच्या चित्रसंपादन प्रणालींतील डॉज आणि बर्न ही साधने म्हणजे त्याच खोलीतून आलेले शब्द होत.

१०/
१९९० मध्ये टॉमस आणि जॉन नोल या बंधूंचे ‘फोटोशॉप’ बाजारात आले आणि अंधारी खोली संगणकाच्या पडद्यावर आली. आरंभी ते केवळ मॅकिन्टॉशवर चाले. प्रणाली उत्कृष्ट होती, पण महाग आणि बंदिस्त. भारतात अशा महाग प्रणालींच्या अनधिकृत प्रती सर्रास फिरत राहिल्या. साधन हाती होते, पण ते आपले नव्हते. ही स्थिती त्यातून रूढ झाली.

११/
या बंदिस्तपणाविरुद्धची चळवळ तोवर सुरू झालेली होती. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना, ‘जीपीएल’, आला. कार्यक्रम वापरण्याचे, उघडून पाहण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य तो देतो. अट एकच : बदललेली प्रत पुढे देताना तेच स्वातंत्र्य पुढच्यालाही द्यावे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आले.

१२/
इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने येथे मोठा घोळ केला आहे. मराठीला ती अडचण नाही. आपल्याकडे ‘मोफत’ वेगळे आणि ‘मुक्त’ वेगळे. फुकट मिळालेल्या बंद पेटीतले काय बिघडले ते पाहता येत नाही. मुक्त साधनासाठी पैसे मोजावे लागले तरी ते उघडता येते. १९२९ च्या चरख्याची किंमत १५० रुपयांपर्यंत चालणार होती. पेटंटची मक्तेदारी चालणार नव्हती. हा तोच भेद.

१३/
१९९५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी चित्रसंपादनाची एक प्रणाली लिहायला घेतली. कंपायलरच्या अभ्यासक्रमातला प्रकल्प फसला, त्यातून हे काम उभे राहिले. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्यांनी तिची घोषणा केली. १९९६ च्या आरंभी ०.५४ ही आवृत्ती लोकांपर्यंत पोहोचली. तिचे नाव ‘गिम्प’.

१४/
लगेच एक पेच उभा राहिला. गिम्प मुक्त होते. पण त्यातली बटणे, खिडक्या, यादीपट ज्या ‘मोटिफ’ संचावर उभे होते, तो संच मुक्त नव्हता. चरखा आपला, पण चाती दुसऱ्याच्या मालकीची, असा हा प्रकार. तेव्हा दोघांनी स्वतःचा संच लिहिला : गिम्प टूलकिट, अर्थात ‘जीटीके’. १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ‘ग्नोम’ हे संपूर्ण डेस्कटॉप याच संचावर उभारायला घेतले.

१५/
लिनक्सचा जगप्रसिद्ध पेंग्विन ‘टक्स’ही याच प्रणालीचे अपत्य. लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये तो गिम्पच्या ०.५४ या आवृत्तीत रंगवला. पुढच्या वर्षी प्रणालीच्या नावातील ‘जी’ बदलला : ‘जनरल’च्या जागी ‘ग्नू’ आले.

१६/
मग दोन्ही जनक पदवी घेऊन विद्यापीठाबाहेर पडले आणि कामापासून दूर झाले. प्रणाली बंदिस्त असती, तर गोष्ट येथेच संपली असती. परंतु मूळ संहिता सर्वांसमोर होती आणि परवाना सर्वांना हक्क देत होता. इतर स्वयंसेवकांनी काम उचलले. जून १९९८ मध्ये १.० आवृत्ती आली, मार्च २००४ मध्ये २.० आणि १६ मार्च २०२५ रोजी ३.०. कर्ता निघून गेला तरी साधन जिवंत राहते, हे परवान्याचे सर्वांत मोठे फलित.

१७/
भारतातील सामान्य वापरकर्त्यापर्यंत हे सारे कसे पोहोचले? १९९० च्या दशकात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या. पुढे २००५ पासून काही वर्षे उबुंटूच्या सीडी टपालाने विनामूल्य घरी येत. आरंभीच्या काळात प्रणाली बसवायची म्हणजे मूळ संहिता उतरवून, तिला लागणारे एकेक घटक शोधून, ती आपल्या यंत्रावर बांधावी लागे. त्यात एक अख्खी रात्र जाई.

१८/
आज ते काही मिनिटांचे काम आहे. उबुंटू वा डेबियनवर सॉफ्टवेअर केंद्रात ‘गिम्प’ शोधून ‘इन्स्टॉल’ दाबावे, अथवा टर्मिनलमधून ‘एपीटी’ला ती प्रणाली बसवण्याची आज्ञा द्यावी. वितरणात जुनी आवृत्ती असल्यास ‘फ्लॅटहब’वरून ‘फ्लॅटपॅक’ स्वरूपातील नवी घेता येते. पूर्वी उबुंटूसोबत गिम्प आपोआप येत असे. २०१० च्या १०.०४ आवृत्तीपासून ते वेगळे बसवावे लागते.

१९/
मराठी माणसाची खरी कसोटी पुढे होती : चित्रावर मराठी अक्षरे. ‘आचार्यांना’ बोलावले की ‘आचाऱ्यांना’, यात गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. आणि तो फरक दाखवणारा अर्धा ‘र’ संगणकाला शिकवावा लागला. गिम्पमध्ये अक्षरजुळणीचे हे काम ‘पँगो’ आणि ‘हार्फबझ’ हे मुक्त घटक करतात. रेड हॅटने २००४ मध्ये दिलेले ‘लोहित’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ हे टंकही मुक्त परवान्याचेच.

२०/
इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रणालीचा उपयोग काय? घरातल्या ट्रंकेत आजोबांचे डाग पडलेले छायाचित्र आहे, असे समजा. ते ६०० डीपीआयवर स्कॅन करून ‘टिफ’ स्वरूपात ठेवावे. ती मूळ प्रत. तिला हात लावायचा नाही. गिम्पमध्ये थराची नक्कल करून त्या नकलेवर काम करावे. ‘लेव्हल्स’ने उडालेला कृष्णधवल उठाव परत आणता येतो, ‘हील’ आणि ‘क्लोन’ने ओरखडे बुजवता येतात.

२१/
काम ‘एक्ससीएफ’ स्वरूपात जतन करावे, म्हणजे सारे थर शाबूत राहतात. इतरांना पाठवण्यासाठी ‘जेपेग’ वेगळे काढावे. ‘एक्ससीएफ’ ही तीन अक्षरे म्हणजे किंबॉल आणि मॅटिस ज्या विद्यार्थिमंडळात होते, त्या बर्कलीच्या ‘एक्सपेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटी’ची आद्याक्षरे होत. आजोबांच्या छायाचित्राच्या फाइलमागे त्या विद्यार्थ्यांचा पत्ता असा अजून चिकटलेला आहे.

२२/
पण ज्या ‘क्लोन’ने ओरखडा बुजतो, त्यानेच माणूसही पुसता येतो. ६ जुलै १९४६ रोजी मुंबईत काँग्रेस समितीच्या बैठकीत मॅक्स डेस्फर यांनी गांधी आणि नेहरूंचे हसतानाचे छायाचित्र टिपले. त्यातील नेहरूंच्या जागी एका स्त्रीला बसवून केलेली बनावट प्रत वर्षानुवर्षे समाजमाध्यमांवर फिरत आहे. मूळ चित्र न पाहिलेल्याला ती खरी वाटते. बनावट करण्यासाठी कोणती प्रणाली वापरली, याने काही फरक पडत नाही.

२३/
म्हणून डागडुजी आणि बनावट यांतील सीमारेषा पाळावी लागते. ओरखडा हा काळाने चित्रावर घातलेला थर आहे. तो काढणे म्हणजे दुरुस्ती. माणूस, फलक, झेंडा हे त्या क्षणाचे भाग आहेत. त्यांना हात लावणे म्हणजे पुरावा बदलणे. काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग भरले असतील तर तसे स्पष्ट लिहावे, कारण ते रंग आजच्या माणसाची कल्पना आहेत. काय बदलले याची नोंद फाइलसोबत ठेवावी. ‘पोझ नको, फ्लॅश नको’ ही सेवाग्रामची शिस्त आज संपादनाच्या टेबलावर अशी पाळता येते.

२४/
चरखा आणि गिम्प यांची तुलना फार ताणू नये. सुतार चरखा उघडून दुरुस्त करू शकतो. गिम्पची संहिता वाचू शकणारे थोडेच. छपाईस लागणाऱ्या चार रंगांच्या पद्धतीचा आधार त्यात दीर्घकाळ अपुरा होता. मूळ चित्र न बिघडवता फिल्टर लावण्याची सोय थेट ३.० मध्ये आली. २.१० (२०१८) नंतर त्या आवृत्तीला जवळपास सात वर्षे लागली. मोजके स्वयंसेवक हे काम ओढतात; मुक्तपणाची ही किंमत आहे.

२५/
तरीही प्रश्न तोच उरतो. २०१३ मध्ये अडोबीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या कायमस्वरूपी विकणे थांबवून वर्गणीची पद्धत आणली. वर्गणी थांबली की साधन थांबते. ज्या पेटाऱ्यात कुटुंबाची, गावाची, चळवळीची छायाचित्रे ठेवायची, त्याची किल्ली दुसऱ्याकडे असावी काय? १९२९ च्या त्या शेवटच्या अटीने चरख्यापुरते उत्तर देऊन ठेवले होते.

२६/
वर्ध्याला गेल्यास सेवाग्रामची कुटी सगळेच पाहतात. तेथून शहरात परतताना मगन संग्रहालयाकडेही वळावे. तेथील चरख्यांचे निरनिराळे प्रकार पाहताना प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारावा : हे बिघडले, तर दुरुस्त करण्याचा हक्क कोणाला होता? घरी परतल्यावर तोच प्रश्न आपल्या संगणकालाही विचारावा. (धागा समाप्त)