नळीची लांबी

ज्या शिकाऱ्याला पहाटेच्या काळोखात निघून दोन-तीन हजार फूट चढून जावयाचे असते आणि धाप आवरीत, एखाद्या कड्याच्या आडोशाला पालथे पडून, बहुधा एकच गोळी झाडावयाची असते, त्याच्या खांद्यावरील हलक्या रायफलीची नळी किती लांब असावी, हा प्रश्न वरवर पाहता गजपट्टीने सुटण्याजोगा क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात दारूचे रसायन, पोलादाचे गुण, मुलुखाचा चढउतार आणि माणसाच्या डोळ्यांची शक्ती या सर्वांचा जमाखर्च मांडलेला असतो, आणि हा जमाखर्च गेल्या तीनशे वर्षांत पुन्हा पुन्हा मुळापासून बदलत आलेला आहे. प्रथम दारूने ही लांबी ठरविली, आणि दारूने मोकळीक दिल्यावर मग तीच लांबी शिकाऱ्याच्या पायांनी ठरविली, असे हा इतिहास वाचताना मला वारंवार वाटत आले आहे.

सोरा, गंधक आणि कोळसा यांची जी काळी दारू कित्येक शतके सर्व जगाच्या शिलेखान्यांत भरलेली असे, तिचा एक मोठा दोष असा की, जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होता घनरूपच राहतो. त्यातला काही काजळीच्या रूपाने नळीत चिकटतो आणि काही दाट पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतो. गोळीला ढकलण्याचे काम उरलेल्या वायूलाच करावयाचे असते, आणि त्याचा दाब आजच्या मानाने मंद असल्यामुळे ते काम त्याला सावकाश, दीर्घ अंतरभर करू द्यावे लागते. शिवाय दुर्बीण नसलेल्या काळात नेम धरावयाचा तो मागच्या खाचेतून पुढच्या माशीवर. या दोहोंमधील अंतर जितके अधिक तितकी नजरेची चूक कमी, म्हणून डोळ्यांच्या हिशेबानेही नळी लांबच हवी असे. आपल्याकडील जुन्या संग्रहांतून दिसणाऱ्या चार-चार फूट नळीच्या तोड्याच्या बंदुका आणि तटावर टेकवून डागावयाच्या प्रचंड जेजाला पाहिल्या म्हणजे बरकंदाजाच्या कारागिराने हीच गोष्ट अनुभवाने किती नेमकी ओळखली होती, ते ध्यानात येते.

या काळ्या दारूच्या अमलाखाली शिकारी बंदुकीने घेतलेले सर्वांत सुंदर रूप अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतात घडले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषिक मुलुखांतून जे बंदूककार त्या प्रांतात, विशेषतः लँकेस्टरच्या परिसरात, स्थायिक झाले, त्यांनी आपल्याबरोबर मायदेशची ‘येगर’ रायफल आणली होती. ती आखूड आणि जाड होती. तिची नळी तीस इंचांच्या आसपास आणि व्यास अर्ध्या इंचाहून चांगलाच मोठा असे, आणि जर्मन अरण्यात जवळून रानडुकराला टिपण्यास ती उत्तम होती. परंतु नव्या मुलुखातील गिऱ्हाईक निराळे होते. महिनोन्‌महिने वस्तीपासून दूर भटकणाऱ्या त्या माणसाला शिसे आणि दारू पाठीवरून वाहून न्यावी लागे, आणि ती संपली की पुन्हा मिळण्याची शाश्वती नसे. एक पौंड शिशातून .६० इंच व्यासाच्या वीस-एकवीस गोळ्या पडतात, .४५ इंच व्यासाच्या मात्र पन्नास. हा साधा हिशेब कारागिरांनी मनात धरला आणि दोन-तीन पिढ्यांत व्यास उतरवीत उतरवीत नळी मात्र चाळीस ते अठ्ठेचाळीस इंचांपर्यंत वाढवीत नेली, जेणेकरून थोड्या दारूतूनही तिचे सर्व सामर्थ्य पिळून घेता यावे. मेपल लाकडाच्या त्या सडपातळ रायफली पुढे ‘केंटकी रायफल’ या नावाने प्रसिद्ध पावल्या. त्यांच्या लांबीत मला कारागिराच्या हौसेपेक्षा गिऱ्हाइकाच्या दारिद्र्याची आणि दूरदृष्टीची खूण अधिक दिसते, आणि म्हणूनच त्या मला अधिक आदरणीय वाटतात.

तीच माणसे एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडील पठारे व पर्वत ओलांडू लागली तेव्हा हिशेब पुन्हा फिरला. आता शिकारी घोड्यावर होता, समोर गवा आणि अस्वल होते, आणि चार फुटांची नळी खोगिरावर आडवी धरून चालणे अशक्य होते. म्हणून सेंट लुई येथील जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या बंधूंच्या कारखान्यातून ज्या रायफली निघाल्या, त्यांची नळी आखूड आणि जाड झाली, व्यास वाढला आणि दस्ता अर्ध्यावर आला. वजन मात्र कमी झाले नाही. ते घोड्याने वाहावयाचे होते.

ज्यांच्या दिमतीला बंदुका वाहणारे गडी असत, त्यांना तर वजनाची क्षितीच नव्हती. सॅम्युएल बेकर याने १८४० साली ब्रिस्टल येथील गिब्ज यांच्याकडून सिलोनच्या शिकारीसाठी जी रायफल करवून घेतली, तिची नळी छत्तीस इंच आणि वजन एकवीस पौंड होते. आपल्या सातपुड्यात हिंडलेला आणि पचमढीच्या पठारावर १८६२ साली वस्ती केलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने दाट जंगलातील जवळच्या शिकारीसाठी मोठ्या व्यासाच्या नळीतून गोल गोळी झाडणाऱ्या रायफलींचा हिरिरीने पुरस्कार केला. मध्य प्रांतातील बांबूच्या बनात, जेथे जनावर पन्नास पावलांवरूनही धड दिसत नाही, तेथे दूरच्या नेमापेक्षा पहिल्याच गोळीचा घाव मोठा असणे अगत्याचे होते. मुलूख बदलला की बंदूक बदलते, या नियमाचा इतका चांगला दाखला क्वचितच मिळेल.

या सर्व जुन्या व्यवस्थेचा पाया १८८४ साली पॅरिसमध्ये उखडला गेला. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू सिद्ध केली. ती जळाली म्हणजे जवळजवळ सर्वच्या सर्व वायुरूप होते, तिचा दाब कितीतरी अधिक असतो, आणि तिच्या योगे अगदी लहान व्यासाची, लांबट, कवचधारी गोळी पूर्वी कल्पनेतही नव्हता अशा वेगाने सोडता येते. गोळीला लागणारा बहुतेक वेग आता नळीच्या पूर्वार्धातच मिळू लागला आणि उत्तरार्धातील प्रत्येक इंचाची कमाई घटत गेली. तर्काने पाहता नळ्या त्याच वर्षी आखूड व्हावयास हव्या होत्या. परंतु फौजांचे दप्तर तर्काने चालत नसते. १८८६ सालच्या फ्रेंच लेबेल रायफलीची नळी ८०० मिलिमीटर राहिली, १८९८ सालच्या जर्मन माउझरची ७४०, कारण पायदळाला संगिनीची लांब पोच सोडवत नव्हती. बोअर युद्धाने इंग्रजांचे डोळे उघडले आणि लांब ली-एन्फील्डची सुमारे तीस इंच नळी कापून पायदळ व घोडदळ या दोघांसाठी सव्वापंचवीस इंचांची एकच रायफल करण्याची तजवीज झाली; आपल्या पोलीस ठाण्यांतून पुढे अनेक दशके जी ‘थ्री-नॉट-थ्री’ दिसत असे, ती याच आखूड केलेल्या घराण्यातील.

शिकाऱ्यांनी फौजेची वाट पाहिली नाही. ऑस्ट्रियातील स्टायर येथील कारखान्याने ग्रीक सैन्यासाठी तयार केलेल्या मानलिखर-शोनाउअर रायफलीचे एक शिकारी रूप १९०३ सालापासून विकावयास काढले. तिची नळी अवघी ४५० मिलिमीटर, म्हणजे पावणेअठरा इंच होती. दस्त्याचे लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत आलेले, वजन सात पौंडांच्या आसपास, आणि पाच काडतुसांचे फिरते भांडार इतके सफाईदार की त्याची बरोबरी पुढे फारच थोड्यांना साधली. ती कोणासाठी होती हे आल्प्स पर्वताकडे पाहिल्यावाचून कळत नाही. शॅमॉय नावाचे, हरीण आणि शेळी यांच्या मधले जे जनावर तेथे राहते, ते झाडांची शीव संपते त्याच्याही वर, निसरड्या कातळांवर वावरते. त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे तर शिकाऱ्याला दोन्ही हात कड्याला देऊन चढावे लागते; रायफल पाठीवर असते, आणि तिची नळी डोक्याच्या वर वीतभर जरी आली तरी ती ओणव्या खडकाला आपटते नाहीतर खुरट्या पाइनच्या फांद्यांत अडकते. आखूड नळी तेथे शोभेची वस्तू नव्हती. क्वचित प्रसंगी तिच्यावर जीव अवलंबून असे.

आणि तरीही ती फारसे काही गमावीत नव्हती, यातच त्या रचनेचे खरे शहाणपण आहे. तिच्या काडतुसाचा व्यास साडेसहा मिलिमीटर, दारू मोजकीच, आणि गोळी १६० ग्रेन वजनाची, लांब आणि सडपातळ. थोडी दारू थोड्याच अंतरात आपले काम उरकते, आणि लांबट जड गोळी मंद वेगानेही खोल जाते. ती किती खोल जाते हे आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल या हस्तिदंतासाठी हत्ती मारणाऱ्या शिकाऱ्याने दाखविले. हजाराहून अधिक हत्ती मारणाऱ्या या माणसाने त्यांपैकी पुष्कळ अशाच लहान व्यासाच्या रायफलींनी, मेंदूचा नेमका वेध घेऊन मारले. त्या संहाराने मन खिन्न होते. परंतु गोळीची रचना आणि नेमाची अचूकता ही नळीच्या लांबीपेक्षा अधिक निर्णायक असतात, ही साक्ष मात्र त्यातून नाकारता येत नाही.

अमेरिकेत आखूड नळीची सवय विंचेस्टरच्या १८९४ सालच्या वीस इंची कार्बाइनने लावली, तथापि ती जवळच्या रानातील हरणांसाठी होती. उंच पर्वतावर तीनशे यार्डांवरून रानमेंढ्याला टिपणाऱ्याची गरज भागविली ती १९५२ साली निघालेल्या विंचेस्टरच्याच ‘मॉडेल ७० फेदरवेट’ने. मूळच्या चोवीस इंच नळीऐवजी बावीस इंचांची बारीक नळी, काही भाग ॲल्युमिनियमचे, आणि वजनात पौंडाहून अधिक बचत, असे तिचे स्वरूप होते. ॲरिझोना विद्यापीठातील अध्यापन सोडून शिकारीवर लेखन करणाऱ्या जॅक ओकॉनर याने .२७० च्या काडतुसाइतकाच या घाटाच्या रायफलींचा लौकिक वाढविला, आणि पर्वती रायफल म्हणजे बावीस इंच हा संकेत तेव्हापासून रूढ झाला.

हा संकेत मला योग्य वाटतो, आणि त्याची कारणे आकड्यांतच आहेत. मध्यम शक्तीच्या काडतुसात नळी एक इंचाने कमी केली तर गोळीचा वेग सेकंदाला साधारणतः वीस ते तीस फुटांनी उतरतो. म्हणजे चार इंच कापले तरी सत्तावीसशे-अठ्ठावीसशे फुटांतले शंभरेक जातात, आणि दोनशे यार्डांवर गोळी जी अधिक खाली पडते ती अर्ध्या इंचाच्या आसपास. लांब नळी अधिक अचूक असते हा समज दुर्बिणीच्या आगमनाबरोबरच निराधार झाला, कारण माशी आणि खाच यांतील अंतराचा प्रश्नच उरला नाही. उलट, सारख्याच जाडीच्या दोन नळ्यांपैकी आखूड नळी कमी लवते, आणि हा फरक लांबीच्या घनाच्या प्रमाणात असल्यामुळे वीस इंची नळी सव्वीस इंचीपेक्षा दुपटीहून अधिक ताठ ठरते. हलक्या रायफलीत, जेथे नळी बारीक ठेवणे भागच असते, तेथे हा गुण मोठा आहे.

काडतुसाची जात मात्र कधीच विसरता कामा नये. १९५८ साली आलेल्या .२६४ विंचेस्टर मॅग्नममध्ये लहान व्यासामागे दारूचा एवढा मोठा साठा होता की तिला सव्वीस इंच नळीच द्यावी लागली. ती कापणाराने दारू, धक्का आणि आवाज यांचे पूर्ण मोल भरून वेग मात्र साध्या काडतुसाचा घेतला. याच्या उलट टोकाला रेमिंग्टनने १९६४ साली साडेअठरा इंच नळीची ‘मॉडेल ६००’ काढली आणि पुढच्याच वर्षी तीत मॅग्नम काडतूसही घातले. लोकांना ती पसंत पडली नाही व थोड्याच वर्षांत बंद झाली. अर्धवट जळालेली दारू तोंडाशी पेटून उठते, कानठळ्या बसतात, आणि वजन नसल्यामुळे सर्व धक्का खांद्यावर येतो. मग शिकारी चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटू लागतो, आणि जनावर जखमी होऊन निसटते. जखमी जनावराची ती यातना हा आखूड नळीच्या अतिरेकाचा सर्वांत मोठा दोष होय, आणि रायफल निवडताना वजनाच्या आधी त्याचा विचार झाला पाहिजे.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय संपत आणला, आणि तो संपला हे उचितच झाले. जेथे तो चालू आहे त्या नॉर्वे-फिनलंडसारख्या देशांत आता सायलेन्सरने हिशेब पुन्हा फिरविला आहे. कान वाचविणारे हे नळकांडे नळीच्या तोंडावर चढविले की काही इंच लांबी वाढते आणि बंदुकीचा तोल पुढे झुकतो; म्हणून तेथील शिकारी अठरा ते वीस इंचांच्या नळ्या मागू लागले आहेत, आणि आखूड नळीचा जो आवाज पूर्वी असह्य होई, तो आता त्यांच्या निवडीच्या आड येत नाही.