विडंबनपट हे इतिहासाचे साधन : अमेरिकी टीन स्लॅशर आणि त्यांची टिंगल



एखादा चित्रपटप्रकार प्रेक्षकांना किती पाठ झाला होता, हे इतिहासाच्या अभ्यासकाने कसे ओळखावे? तिकीटविक्रीच्या आकड्यांवरून किती लोक आले ते कळते. त्यांना काय उमगले ते कळत नाही. अशा वेळी विडंबन उपयोगी पडते, कारण मूळ गोष्ट ओळखीची नसेल तर तिच्या टिंगलीवर हसू येत नाही. आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेली ‘झेंडूची फुले’ (१९२५) वाचकांना भावली, ती रविकिरण मंडळातील कवींच्या लकबी त्यांना ठाऊक होत्या म्हणून. हाच विचार घेऊन या पाठात आपण अमेरिकेतील ‘टीन स्लॅशर’ या भयपटप्रकाराकडे आणि त्याच्या विडंबनांकडे पाहणार आहोत.

१. मूळ साचा

स्लॅशर म्हणजे एक खुनी, बहुधा मुखवटा घातलेला, धारदार हत्याराने एकेका व्यक्तीला मारत जातो असा भयपट. टीन स्लॅशरमध्ये बळी जाणारी मंडळी शाळा-कॉलेजच्या वयाची असतात. जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोवीन’ (१९७८) सुमारे ३ लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने कोट्यवधी डॉलर मिळवले. पाठोपाठ शॉन कनिंगहॅम यांचा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) आला. मोठे कलाकार नकोत, महागडे सेट नकोत, तरी नफा मोठा. त्यामुळे निर्मात्यांची रीघ लागली.

या घाईत साचा पक्का झाला. वडीलधारी माणसे गैरहजर. दारू पिणारी, शरीरसंबंध ठेवणारी मुले आधी मरतात. सावध आणि संयमी मुलगी शेवटपर्यंत टिकते व खुन्याशी झुंजते. कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने १९८७ मधील निबंधात या मुलीला ‘फायनल गर्ल’ असे नाव दिले. ही संज्ञा आज सर्वत्र वापरली जाते.

२. पहिले विडंबन : १९८१

अभ्यासकांनी नाव देण्याआधीच विडंबनकारांनी साचा ओळखला होता. मिकी रोझ यांचा ‘स्टुडंट बॉडीज’ १९८१ मध्ये, म्हणजे ‘हॅलोवीन’नंतर अवघ्या तीन वर्षांत आला. गेल्या वर्षी २६ भयपट निघाले आणि एकालाही तोटा झाला नाही, अशा अर्थाच्या मजकुराने तो सुरू होतो. ही आकडेवारी थट्टेतली आहे, पुरावा म्हणून ती घेऊ नका. परंतु थट्टेचा रोख पाहा : हे चित्रपट का निघतात, याचे आर्थिक कारणच तो पहिल्या क्षणी सांगून टाकतो. पुढे प्रत्येक खुनानंतर पडद्यावर मृतांचा आकडा दिसतो. खुनी सुरा सोडून कागदाची पिन आणि वांगे अशा वस्तूंनी माणसे मारतो.

येथे विडंबनाची दोन तंत्रे दिसतात. पहिले, जे मूळ चित्रपट लपवतो ते मोठ्याने सांगणे. दुसरे, भयाच्या जागी क्षुल्लक वस्तू ठेवणे. वांगे पाहून हसू येते, कारण तेथे सुरा असायला हवा हे आपल्याला माहीत असते.

३. ‘स्क्रीम’ : नियम जाणणारी पात्रे

१९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट घरोघरी पोहोचली आणि हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहणारी पिढी तयार झाली. वेस क्रेव्हन दिग्दर्शित, केव्हिन विल्यमसन लिखित ‘स्क्रीम’ (१९९६) मधील पात्रे याच पिढीची आहेत. पार्टीत ‘हॅलोवीन’ची कॅसेट चालू असताना रँडी हा मुलगा भयपटात जिवंत राहण्याचे नियम सांगतो. तरीही ‘स्क्रीम’ विडंबन नव्हे. नियम ठाऊक असूनही पात्रे मरतात, आणि आपण खरोखर घाबरतो.

४. ‘स्केअरी मूव्ही’ : चेष्टेची चेष्टा

मग कीनन आयव्हरी वेयन्स यांच्या ‘स्केअरी मूव्ही’ (२०००) समोर अडचण उभी राहिली. जो चित्रपट स्वतःच्याच नियमांवर बोलतो, त्याची टिंगल कशी करायची? उत्तर होते : जे सूचित आहे ते शब्दशः दाखवायचे. सुरुवातीच्या प्रसंगात पळणाऱ्या तरुणीसमोर दोन दिशांच्या पाट्या येतात, एक सुरक्षिततेची, दुसरी मृत्यूची. ती मृत्यूकडे वळते. ‘ही पोरगी चुकीच्या बाजूला का पळतेय?’ असे प्रेक्षक वर्षानुवर्षे म्हणत होते. येथे तो प्रश्नच पाटी होऊन उभा राहतो. मुखवट्याआडचा खुनीही येथे मुलांबरोबर नशा करतो आणि त्याच्या मुखवट्याचे भाव बदलतात. भय गूढतेवर जगते. खुनी चारचौघांसारखा झाला की ते संपते. सुमारे १.९ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभर २७ कोटींहून अधिक डॉलर मिळवले.

५. हसू कोणावर?

आता महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. साच्यात एक न बोललेला नियमही होता : कृष्णवर्णीय पात्र असलेच तर ते शेवटपर्यंत क्वचितच टिके. ‘स्क्रीम २’ (१९९७) च्या आरंभी चित्रपटगृहात आलेली कृष्णवर्णीय तरुणी, भयपटांत आपल्या लोकांना स्थान नसते अशी तक्रार करते. आणि ती व तिचा मित्रच पहिले बळी ठरतात. नियम सांगितला गेला, पण मोडला गेला नाही.

‘स्केअरी मूव्ही’त हाच प्रसंग उलटतो. ब्रेंडा चित्रपटगृहात इतकी मोठ्याने बोलते की खुन्याच्या आधी प्रेक्षकच तिला मारतात. हे हसू त्या प्रेक्षकांच्या असहिष्णुतेवर आहे, की ‘कृष्णवर्णीय स्त्री गोंगाट करते’ या जुन्या समजावर? चित्रपट करणारे वेयन्स कुटुंब स्वतः कृष्णवर्णीय आहे, हे लक्षात घेऊनही दोन्ही वाचने शक्य आहेत. विडंबन साचा उघडा पाडते. तो मोडतेच असे नाही.

साचा मोडण्याचे प्रयत्न पुढे झाले. ‘टकर अँड डेल व्हर्सेस ईव्हिल’ (२०१०) मध्ये दोन साध्याभोळ्या ग्रामीण माणसांना शहरी विद्यार्थी खुनी समजतात आणि स्वतःच्या घबराटीनेच जीव गमावतात. २०२३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या टिम स्टोरी यांच्या ‘द ब्लॅकनिंग’मध्ये सगळे मित्र कृष्णवर्णीय आहेत, मग आधी मरायचे कोणी? येथे मूळ नियमच निकामी होतो.

६. समारोप

‘विडंबनाने स्लॅशर संपवला’ असे विधान तुम्ही ऐकाल. ते तपासून पाहा. १९८१ च्या टिंगलीनंतर ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) आला. २००० नंतरही ‘हॅलोवीन’ (२०१८) आणि नवा ‘स्क्रीम’ (२०२२) आले. विडंबन हा मृत्यूचा दाखला नव्हे. त्या वर्षी प्रेक्षकांना कोणते नियम पाठ होते आणि कोणते अजून डोळ्यांआड होते, याची ती नोंद आहे. म्हणून विडंबनपट पाहताना दोन प्रश्न विचारा : येथे कशावर हसू येते? आणि कशावर हसायचे राहून गेले आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या काळाविषयी अधिक सांगते.

स्वाध्याय : तुमच्या भाषेतील एखादे चित्रपट-विडंबन निवडा. त्यातील विनोद समजण्यासाठी प्रेक्षकाला आधी काय माहीत असावे लागते, याची यादी करा. त्या यादीवरून मूळ चित्रपटप्रकाराचे नियम २०० शब्दांत लिहा.