गळ्यातली गाठ आणि मिठाचा खडा

दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला एकाच दुखण्याची दोन नावे पाठ असतात. गळ्यावरच्या गाठीसाठी मात्र तेवढे कष्ट पडत नाहीत. मराठीत गलगंड, कानडीत गळगंड. मराठीत गंडमाळा, कानडीत गंडमाले. दोन्ही भाषांनी हे शब्द संस्कृतातून घेतले. हिंदी मुलखात मात्र गलगंडाला घेंघा म्हणतात. नावे अशी जवळची असली तरी त्यांच्यामागची कारणे एक नव्हेत. ती वेगळी ओळखायला माणसाला फार काळ लागला.

पहिली पायरी आपल्याकडे फार पूर्वी चढली गेली होती. गळ्याच्या बाजूला एकच गाठ असेल तर गलगंड आणि माळेसारख्या अनेक गाठी असतील तर गंडमाळा, असा भेद चरकसंहितेत आहे. गंडमाळांमागे पुष्कळदा मानेतील लसिकाग्रंथींचा क्षय असतो, हे पुढे कळले. युरोपात हाच रोग राजाच्या हस्तस्पर्शाने बरा होतो अशी श्रद्धा होती. सॅम्युएल जॉन्सन हा पुढे कोशकार म्हणून गाजलेला लेखक. त्याला १७१२ साली, तान्हेपण नुकतेच सरलेले असताना, राणी ॲनपुढे नेले होते. स्पर्श झाला, गाठी राहिल्या. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो १८८२ साली.

गलगंडाची कथा निराळी. आल्प्सच्या दऱ्यांत आणि हिमालयाच्या पायथ्याशी गावेच्या गावे फुगलेल्या गळ्यांची असत. लोक म्हणत, ‘इथले पाणी बाधते.’ त्यात अर्धे सत्य होते. पाऊस, पूर आणि हिमनद्या यांनी तिथल्या मातीतले आयोडीन धुऊन नेले होते. अन्नपाण्यात ते कमी पडले, की कंठातील अवटुग्रंथी अपुऱ्या मालावर जास्त काम करू पाहते आणि वाढत जाते. फार वाढली तर श्वासनलिका दाबते, घास उतरत नाही, आवाज बसतो. गर्भारपणी आईला आयोडीन फारच कमी पडले तर मूल मतिमंद किंवा मुकेबहिरे जन्मू शकते. खरे नुकसान गळ्यावर दिसत नाही, ते असे पुढच्या पिढीत उतरते.

समुद्री शेवाळाच्या राखेतून आयोडीन मिळाले १८११ मध्ये. जिनिव्हाच्या क्वांदे यांनी १८२० मध्ये ते गलगंडावर वापरले. ते त्या ग्रंथीतच असते हे बाउमान यांनी १८९५ मध्ये सिद्ध केले. स्वित्झर्लंडने १९२२ पासून ते मिठातून द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडचा निर्णायक प्रयोग १९५६ मध्ये कांगडा खोऱ्यात सुरू झाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ गेले, एकात साधे. काही वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड झपाट्याने घटला, तिसऱ्यात तो होता तसाच राहिला. मग तिथेही आयोडीनचे मीठ देण्यात आले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात देव आणि करमरकर ही नावेही आहेत. दरम्यान १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता. पुढच्या पाहण्यांत हिमालयापासून दूरच्या जिल्ह्यांतही हा रोग आढळला.

पण मीठ म्हणजे आपल्याकडे नुसते मीठ नव्हे. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तो या सीमेपासून फार लांब नाही. म्हणूनच साध्या मिठाच्या विक्रीवर बंदी आली तेव्हा मोठा वाद झाला. लहान मिठागरवाल्यांचे काय, निवडीचा हक्क कुणाचा, हे प्रश्न खोटे नव्हते. केंद्राने २००० साली बंदी उठवली आणि मे २००६ पासून खाण्याच्या मिठासाठी ती पुन्हा लागू केली. पण ज्याच्या वतीने हा वाद व्हायला हवा होता, ते आईच्या पोटातले मूल बोलू शकत नव्हते.

आज मीठ बदलले, तरी गळ्याच्या सगळ्या गाठी गेल्या नाहीत. जपानच्या हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला, शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीतून होणारा अवटुविकार आहे. अवटूच्या साध्या गाठी आहेत, क्षय आहे, क्वचित कर्करोगही आहे. बाहेरून ही सूज सारखीच दिसू शकते. म्हणून दोन-तीन आठवड्यांत न ओसरणारी गाठ डॉक्टरांना दाखवावी. श्वास किंवा घास अडकत असेल तर तेवढेही थांबू नये. नाव कोणत्या भाषेत घेतले याला महत्त्व नाही. कारण कोणते, हे विचारायला शिकण्यातच या रोगाचा सारा इतिहास आहे.