नगरच्या वर्कशॉपमधले ड्रिल : एका हत्याराची बखर

दहा-बारा वर्षांपूर्वी नगरमधल्या एका भंगाराच्या दुकानात मला विजेवर चालणारे एक जुने ड्रिल मिळाले. मिळाले ते वजनावर, तराजूत टाकून. दुकानदाराच्या लेखी ते हत्यार नव्हतेच. बाहेर अ‍ॅल्युमिनियम, आत लोखंड आणि त्याच्याही आत तांब्याची तार, असे वेगवेगळ्या भावाचे तीन धातू एकमेकांत अडकल्याची ती अडचण होती. हातोड्याने फोडून तो ती सोडवणार, एवढ्यात मी मध्ये पडलो. घरी आणून रॉकेलने धुतले आणि मोठ्या हौसेने बफिंग करून आरशासारखे चमकवले. मुठीजवळ नंबर पंचाने ठोकलेले काही आकडे होते, ते त्या चमकेत जवळजवळ पुसले गेले. एका जुन्या फिटरने ते पाहिले तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘स्टोअरचा नंबर होता हो तो. आता हे कुठलं, ते कसं कळणार?’

हे हत्यार कुठले, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला.

भोक पाडण्याचे काम आपल्याकडे जुनेच. गावच्या सुताराकडे वाकस, पटाशी, रंधा यांच्या जोडीला सामता असे. धनुकलीची दोरी दांड्याला वेढायची आणि मागेपुढे ओढत टोक लाकडात उतरवायचे. नंतर गिरमिट आले. लोखंडासाठी लोहार तापवून सुंब्याने भोक पाडी. विजेची मोटर या कामाला जुंपली गेली ती १८८९ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला. आर्थर आर्नॉट आणि विल्यम ब्रेन यांनी तेव्हा पेटंट घेतले, पण ते यंत्र हातात धरून फिरण्याजोगे नव्हते. १८९५ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हातात धरण्याचे ड्रिल बनवले; त्याचे वजन सुमारे साडेसात किलो होते आणि ते छातीने रेटावे लागे. आज आपण ओळखतो तो पिस्तुलासारखा आकार आणि बोटाखालचा घोडा अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीचा. त्याचे पेटंट १९१७ चे. कल्पना खरोखरच पिस्तुलावरून सुचली होती.

नगर जिल्ह्यात हे हत्यार आले तेव्हा त्याला हात तयार होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरात औद्योगिक शाळा चालवली. सर दिनशा पेटिट यांच्या नावाच्या त्या शाळेत मुले सुतारकाम आणि धातुकाम शिकत. त्याच मिशनमध्ये डी. सी. चर्चिल नावाचे इंजिनिअर होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी नगरमध्ये वेगाने चालणारा हातमाग तयार केला. पुढे ते अमेरिकेला परतले आणि १९२२ मध्ये केंटकी राज्यातल्या बेरिया गावी त्यांनी विणकामाचा कारखाना काढला. मिशनच्या धार्मिक कार्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. वहाणा काढून वर्कशॉपमध्ये बसलेल्या त्या मुलांबद्दल फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

दुसरी शाळा लष्कराची. १९२४ मध्ये रॉयल टँक कोअरचे प्रशिक्षण विद्यालय नगरला आले आणि १९४८ मध्ये इथेच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. चिलखती गाडी चालवायची तर ती दुरुस्त करणारा फिटर हवाच. तिसरी शाळा मात्र सर्वांत मोठी, आणि ती म्हणजे साखर कारखाना. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना १९२० च्या दशकात चालू झाला. प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या प्रयोगाचा सहकाराच्या अंगाने इतिहास झाला आहे. यंत्राच्या अंगाने पाहिले तर वेगळेच काही दिसते. चिपाडावर बॉयलर पेटवून कारखाना स्वतःची वीज स्वतः करी. कारखान्याच्या कुंपणाबाहेर कंदील होता, आणि आत विजेचे ड्रिल फिरत होते. जुन्या ड्रिलच्या पितळी पट्टीवर ‘एसी/डीसी’ असे कोरलेले असते, त्याचे महत्त्व अशा ठिकाणी कळते. आतली युनिव्हर्सल मोटर दोन्ही प्रकारच्या विजेवर चालते, त्यामुळे जिथे जी वीज असेल तिथे हत्यार कामाला लागे.

हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग चाले. मिलचे रोलर उतरत, पत्रे बदलत, रस आटवणाऱ्या भांड्यांच्या नळ्यांतले किटण फिरत्या कटरने खरवडले जाई. त्या महिन्यांत ड्रिलला उसंत नसे. कामगार स्वतःच्या नंबराचा पितळी बिल्ला स्टोअरच्या खिडकीवर ठेवी आणि हत्यार घेई. संध्याकाळी हत्यार परत, बिल्ला परत. हत्यार हरवले तर बिल्ला खिळ्यावर लटकत राही, आणि त्याच्या मालकाची झोप उडे. मी पुसून टाकलेले आकडे या व्यवहाराची दुसरी बाजू होते.

सुरुवातीची ड्रिल विलायती होती. त्यांत लंडनच्या वुल्फ कंपनीचे नाव मोठे. पुढे त्याच कंपनीच्या सहकार्याने मुंबईत मुलुंडला रॅलीवुल्फचा कारखाना निघाला आणि ‘रॅलीवुल्फ आण रे’ म्हणजे ‘ड्रिल आण’ असा वर्कशॉपच्या भाषेत अर्थ झाला. १९७० च्या दशकात कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला कुलकर्णी पॉवर टूल्स उभी राहिली. इकडे नगरला १९७२ मध्ये कायनेटिकची लुना रस्त्यावर आली. तिच्यासाठी लहानमोठे भाग करणाऱ्या शेडमध्ये होल मारणे हे दिवसाचे काम झाले.

मात्र इंग्लंडमधला संग्राहक ज्या गोष्टींवर जीव टाकतो, त्या मला इकडे फारशा सापडल्या नाहीत. १९५० च्या सुमारास तिकडे वुल्फचे ‘कब’ नावाचे लहान ड्रिल निघाले. त्याला जोडायला स्टँड, गोल करवत, पॉलिशची लोकरी टोपी, अगदी छोटा लेथसुद्धा मिळे. युद्धानंतर तिकडे मजूर महाग झाला, घरे दुरुस्तीला आलेली. तेव्हा गृहस्थाने रविवारी स्वतःच कपाट करावे, या हिशेबाने ती जोडसामग्री विकली गेली. एका मोटरवर सगळे घर. आपल्याकडे गृहस्थाच्या घरी ड्रिल कुठून असणार? सुतार स्वस्त होता आणि ड्रिल महाग. त्यामुळे इथली जोडसामग्री दुकानातून आली नाही. ती ज्याला गरज पडली त्याने बनवली.

माझ्याकडे असा एक ड्रिल स्टँड आहे. खांब म्हणून जुन्या शाफ्टचा तुकडा, बैठक म्हणून कापलेली जाड प्लेट, दाबायच्या दांड्याला परत वर ओढणारी स्प्रिंग कुठल्या तरी गाडीच्या ब्रेकची. ड्रिल धरणारी कडी दोन तुकड्यांची असून एका बाजूला सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे, कारण ती कडी मुळात दुसऱ्या, जाड अंगाच्या ड्रिलसाठी केली होती. दुसऱ्या एका ड्रिलची बाजूची मूठ हरवली, तिथे बाभळीचे लाकूड कातून बसवले आहे. घामाने ते काळे आणि गुळगुळीत झाले आहे. चकची चावी सुतळीने वायरला बांधलेली. ही सुतळी मात्र जगात सगळीकडे असावी.

अशा हत्याराची दुरुस्ती करताना नेमके काय करायचे? तिकडच्या संग्राहकाचा दंडक सरळ आहे : कारखान्यातून निघाले तसे करा. तो दंडक मी पाळला, आणि एका यंत्राची ओळख गमावली. आता मी वेगळी रेघ आखतो. आतले सगळे बदलायला माझी हरकत नसते. गिअरचे दगडासारखे झालेले ग्रीस खरवडून काढायचे, बेअरिंग नवे घालायचे. आर्मेचर जळले असेल तर वायंडिंगवाल्याकडे द्यायचे; अजून असे कारागीर आहेत, जे वेढे मोजून घेतात आणि वॉर्निश घालून भट्टीत वाळवतात. कम्युटेटरवर लेथवर हलका हात फिरवून तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक थोडा खाली घ्यायचा. मापाचा कार्बन मिळत नाही, तेव्हा मोठा आणून पॉलिश पेपरवर घासायचा. बाहेरचे मात्र, म्हणजे डाग, ठोकलेले नंबर, परक्या मुठी, जसेच्या तसे.

याला अपवाद एकच, आणि त्यात तडजोड नाही. धातूच्या अंगाच्या या ड्रिलना अर्थिंग अत्यावश्यक आहे. मी उघडलेल्या बहुतेक ड्रिलमध्ये मधल्या कुणीतरी तीन तारांची वायर काढून दोन तारांची घातली होती. वायर स्वस्त पडली असेल, किंवा भिंतीत तिसरे छिद्रच नसेल. आत एखादा वेढा उघडा पडला की ते अ‍ॅल्युमिनियमचे सुंदर अंग जिवंत होते, आणि धरणारा बहुधा ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. ही दुरुस्तीही इतिहासच आहे, पण ती जपण्यासारखी नाही. अर्थिंगची तार जोडून मेगरवर तपासल्याशिवाय मी कुठलेही ड्रिल चालू करत नाही.

नगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. देशोदेशीचे रणगाडे तिथे रांगेने उभे आहेत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते काचेमागे आहेत. तेही एके काळी घरोघरीचे साधे जिन्नस होते, आणि दिनकर केळकरांनी ते उचलले नसते तर मोडीतच गेले असते. वर्कशॉपच्या हत्यारांना असा केळकर अजून भेटायचा आहे. कारखान्याची मोडीत निघालेली यंत्रसामग्री टनावर जाते, आणि स्टोअरच्या वह्या तिच्या आधीच रद्दीत गेलेल्या असतात. म्हणून हत्यारावर ठोकलेला नंबर हाच पुष्कळदा उरलेला एकमेव कागद असतो.

त्या पहिल्या ड्रिलचे आकडे वाचायचा प्रयत्न मी अजून करतो. तिरप्या उजेडात धरले की पहिला आकडा २ किंवा ७ वाटतो, शेवटचा नक्की ४ आहे. मधल्या दोनांच्या जागी माझा चेहरा दिसतो.