आधी थकवा उतरू दे

मॅचच्या दिवशी सकाळी पोरांना बहुतेक वेळा एकच सूचना मिळते: "ताकद राखून ठेव." सांगणाऱ्याच्या डोक्यात शरीर म्हणजे पाण्याची टाकी असते. आधीच नळ सोडला, तर ऐनवेळी टाकी रिकामी! या समजुतीला एक जुना तडा गेला तो मैदानावर नाही, तर बेडकाच्या हृदयात.

१८७१ साली जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये, कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत, बोस्टनहून आलेला हेन्री बाउडिच हा तरुण डॉक्टर बेडकाच्या हृदयाला विजेचे झटके देत होता. झटका दर वेळी सारखाच. पण विसावलेलं हृदय पहिल्या झटक्याला जेवढं आकसलं, त्याहून दुसऱ्याला जास्त आणि तिसऱ्याला आणखी जास्त. नोंदीच्या रेघा पायऱ्यांसारख्या चढत गेल्या. या प्रकाराला नावही तेच पडलं: ट्रेप्पे, म्हणजे जिना.

१९४५ मध्ये डेन्मार्कच्या आस्मुसेन आणि बोये यांनी माणसांना सायकल चालवायला लावून दाखवलं, की आधी थोडं काम करून स्नायू तापले तर कामगिरी सुधारते. नुसत्या मालिशने तसा फरक पडला नाही. पण तापलेला स्नायू बसून राहिला की निवतो. म्हणूनच २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचे ट्रॅक सायकलपटू वॉर्मअप आणि शर्यत यांच्यामधल्या वेळात बॅटरीवर तापणाऱ्या पँट घालून बसत.

उष्णता ही मात्र अर्धीच गोष्ट. स्नायू जोरात आकसला, की त्यातल्या मायोसिन या प्रथिनात छोटा रासायनिक बदल होतो. मग काही मिनिटं तेवढ्याच इशाऱ्याला तो स्नायू जास्त जोराने उत्तर देतो. अडचण अशी, की त्याच वेळी थकवाही चढलेला असतो. थकवा आधी उतरला आणि तयारी मागे उरली, तर फायदा. उलटं झालं, तर तोटा. जड स्क्वॉट मारून लगेच घेतलेली उडी कमी भरते, पण काही मिनिटं थांबून घेतलेली वाढू शकते.

हे मिनिटांचं गणित तासांवर नेता येईल का? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्धव्यावसायिक रग्बीपटूंनी सकाळी वजनं उचलली आणि काही तासांनी, दुपारी, त्यांच्या चाचण्या झाल्या. सकाळी आराम केलेल्या दिवसापेक्षा त्यांची धाव आणि ताकद दोन्ही सरस निघाली. दिवसभरात टेस्टोस्टेरॉनची पातळी उतरत जाते. तो उतारही कमी दिसला. पण सुधारणेचं कारण तेच, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही.

शिवाय ही मंडळी वर्षानुवर्षं वजनं उचलणारी. त्यांना जे जागं करतं, ते नवख्याला दमवून टाकेल. म्हणून हा प्रयोग फायनलच्या सकाळी पहिल्यांदा करू नका. सरावाच्या एखाद्या साध्या मंगळवारी करा, आणि आपला थकवा उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.